पोलादावरचा रंग आणि पोलादाचे काठिण्य : बंदुकांच्या भागांवरील रंगीत पृष्ठकठिनीकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन वा इंग्रजी बनावटीची एखादी जुनी, परंतु फारशी न हाताळलेली बंदूक पाहावयास मिळाली, तर तिच्या धातुभागांतील एक भेद प्रथमदर्शनीच नजरेत भरतो. नळी एकसारख्या गडद, निळसर काळ्या रंगाची असते. नळी जिच्यात बसविलेली असते ती चौकट, घोडा आणि चापयंत्राची बाजूची पट्टी यांवर मात्र निळा, जांभळा, तपकिरी, गवती पिवळा आणि राखी अशा अनेक छटांचे ढग एकमेकांत मिसळलेले दिसतात. हे रंग कुंचल्याने दिलेले नसतात. तेथे कोणत्याही रंगद्रव्याचा लेप नसतो. हार्टफर्ड येथील कोल्ट कंपनीचे १८७३ चे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर, कनेक्टिकट राज्यातील मेरिडन येथे पार्कर बंधूंनी बनविलेल्या दुनळी बंदुका, तसेच बर्मिंगहॅम व लंडन येथील कारागिरांच्या शिकारी बंदुका यांवर ही झाक विशेष प्रसिद्धी पावली.

इंग्रजी व्यवसायभाषेत या प्रक्रियेला ‘कलर केस हार्डनिंग’ असे म्हणतात. या नावात रंग आणि काठिण्य ही दोन्ही शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि या शेजारामुळेच एक गैरसमज रूढ झालेला आहे. रंग ही काठिण्याची खूण होय, रंग उत्तम तर धातूही उत्तम, असे समजले जाते. वस्तुतः रंग आणि काठिण्य ही एकाच क्रियेतून निपजलेली, पण एकमेकांवर अवलंबून नसलेली दोन फळे आहेत. ही गोष्ट स्पष्ट करणे आणि तिच्यासाठी निरनिराळ्या भाषांनी योजिलेल्या नावांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. क्रियेचे स्वरूप

बंदुकीच्या चौकटीकडून दोन परस्परविरोधी गुणांची अपेक्षा असते. घोडा, चाप आणि त्यांच्या खाचा एकमेकांवर सतत घासत असल्यामुळे पृष्ठभाग कठीण हवा. पण बार उडताना बसणारा धक्का सोसावयाचा असल्यामुळे अंतर्भाग चिवट हवा. सर्वस्वी कठीण केलेले पोलाद ठिसूळ होते, आणि मऊ लोखंड लवकर झिजते. या पेचातून काढलेली वाट म्हणजे पृष्ठकठिनीकरण होय. भाग मऊ लोखंडाचा घडवावयाचा, त्यावर कानस चालवावयाची, नक्षी कोरावयाची, आणि सर्व काम संपल्यावर शेवटी केवळ त्याची त्वचा तेवढी कठीण करावयाची. हा क्रम बदलता येत नाही. कारण एकदा ही क्रिया झाली की कोरणीचे टोक पृष्ठभागावरून घसरू लागते. कानस लावून पाहणे ही काठिण्याची कारखान्यातील जुनी परीक्षा होती. कानस चावली तर धातू मऊ, घसरली तर कठीण.

तयार भाग स्वच्छ करून लोखंडी पेटीत ठेवीत आणि त्यांच्याभोवती जाळलेल्या हाडांचा व लाकडाचा कोळसा दाबून भरीत. कित्येक ठिकाणी जाळलेले चामडेही वापरीत. पेटी झाकून भट्टीत ठेवली जाई. सुमारे ७३० अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानात ती काही तास राहिली, की आतील भाग कोळशासकट एकदम पाण्याच्या हौदात ओतीत. पेटीतून पाण्यात पडेपर्यंत धातूला हवा जितकी कमी लागेल तितके चांगले. कारण वाटेत हवा लागली तर पृष्ठभाग राखी व निस्तेज होतो. हौदातील पाणी हवेचे बुडबुडे सोडून खळबळते ठेवण्याची रीत होती. काही कारखान्यांत पाण्यात थोडा सोराही घालीत. पातळ व लांबट भाग पाण्यात पडताच वाकण्याचा संभव असल्यामुळे त्यांना लोखंडी ठोकळ्यांचा आधार देऊन ते बांधीत. ज्या ठिकाणी ठोकळा टेकलेला असे, तेथील रंगाची आकृतीही निराळी उमटे. या बारकाव्यांमुळे प्रत्येक कारखान्याच्या रंगछटांना आपापले वळण प्राप्त झाले, आणि जाणकारास केवळ रंगांच्या मांडणीवरून कारखान्याचा अंदाज बांधता येऊ लागला.

२. काठिण्याचे कारण

काठिण्य येते ते कार्बनामुळे. साध्या तापमानास लोखंडाचा जो स्फटिकरूप प्रकार स्थिर असतो, त्यास फेराइट म्हणतात. त्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही; त्याचे कमाल प्रमाण शेकडा ०.०२ इतकेच असते. ७२७ अंशांच्या वर लोखंडाची अणुरचना बदलू लागते आणि ऑस्टेनाइट हा निराळा प्रकार निर्माण होतो. या प्रकारात त्याच तापमानास शेकडा ०.८ च्या आसपास कार्बन सामावतो. पेटी विशिष्ट तापमानापलीकडे तापविण्याचे मर्म येथे आहे.

कोळसा धातूला चिकटून असतो म्हणून कार्बन आत शिरतो, असा सर्वसाधारण समज असला तरी खरा वाहक वायू आहे. पेटीतील थोड्याशा हवेचा कोळशाशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लोखंडाच्या पृष्ठावर या वायूच्या दोन रेणूंपासून एक कार्बन-अणू धातूत शिरतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. तो रेणू पुन्हा तप्त कोळशापासून कार्बन घेतो आणि त्याचे मोनॉक्साइडात रूपांतर होते. अशा रीतीने वायू हा कोळसा आणि लोखंड यांच्यामध्ये अखंड फेऱ्या घालणाऱ्या हमालासारखे काम करतो. हाडांतील कार्बोनेटे या फेऱ्यांना साहाय्य करतात. चामडे व शिंग यांतून कार्बनाबरोबर थोडा नायट्रोजनही मिळतो, आणि तोही पृष्ठभाग कठीण होण्यास हातभार लावतो.

कार्बनयुक्त झालेली त्वचा पाण्यात झटकन थंड झाली, की कार्बनाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो स्फटिकात अडकून पडतो, रचना ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाचा अत्यंत कठीण प्रकार तयार होतो. अंतर्भागात कार्बन पोचलेलाच नसल्यामुळे तो मात्र चिवट राहतो. ही कठीण त्वचा बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांहून जाड नसते.

कारागिरी या स्पष्टीकरणाहून कितीतरी जुनी आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस या युरोपीय संन्याशाने कारागिरीविषयक ग्रंथात कानशी कठीण करण्यासाठी बैलाचे जाळलेले शिंग आणि मीठ वापरण्याची कृती दिली आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने १६७७-७८ मध्ये प्रसिद्ध करण्यास आरंभ केलेल्या यंत्रकलाविषयक ग्रंथमालेत गाईच्या शिंगाची वा खुराची पूड, जाडे मीठ आणि शिळे मूत्र किंवा शिरका यांचे मिश्रण लोखंडावर थापून, वर मातीचा लेप देऊन ते भट्टीत ठेवण्यास सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील खड्गलक्षणाच्या अध्यायातही रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मशी आणि पारवा व उंदीर यांची विष्ठा यांचा लेप शस्त्रास देण्याविषयी सांगितलेले आहे. या शेवटच्या कृतीला आजच्या अर्थाने पृष्ठकठिनीकरण म्हणणे धाडसाचे होईल. परंतु जळलेले शिंग आणि विष्ठा ही द्रव्ये, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांचे साठे, येथेही निवडलेली आहेत, हे साम्य उल्लेखनीय आहे.

गुण कोणत्या द्रव्यात आहे हे मात्र यांपैकी कोणासही ठाऊक असणे शक्य नव्हते. फ्रान्समधील रेओम्यूर याने १७२२ मध्ये लोखंडाचे पोलाद करण्याच्या कलेवर पद्धतशीर प्रयोगांचा ग्रंथ लिहिला. तरी त्यानेही श्रेय गंधकमय व क्षारमय अंशांना दिले. पोलाद आणि लोखंड यांतील भेद कार्बनामुळे पडतो हे व्हॅन्डरमाँड, बर्थोले आणि माँझ या तिघांनी १७८६ मध्ये स्पष्टपणे मांडले.

३. रंगाचे कारण

रंगाची कथा सर्वस्वी निराळी आहे. तप्त धातू पाण्यात शिरताना पाण्यातील व बुडबुड्यांतील ऑक्सिजनाशी त्याचा क्षणभर संबंध येतो आणि पृष्ठावर लोहाच्या ऑक्साइडाचा एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. या पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून परावर्तित झालेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे काही तरंगलांबीचा प्रकाश क्षीण होतो आणि उरलेला रंग डोळ्यांस दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच व्यतिकरणाचे असतात. पापुद्रा अगदी पातळ असेल तर गवती पिवळा, थोडा जाड झाला तर तपकिरी, मग जांभळा, आणि त्याहून जाड झाला तर निळा, असा क्रम असतो. पाणी सर्वत्र सारखे लागत नाही. कोठे वाफेचा बुडबुडा आड येतो, कोठे कोळशाचा तुकडा चिकटलेला असतो. त्यामुळे प्रत्येक बिंदूवर पापुद्र्याची वाढ निरनिराळ्या जाडीवर थांबते, आणि रंगांचे ढग निर्माण होतात.

येथे दोन जाडींची तुलना उद्बोधक ठरेल. कठीण त्वचा मिलिमीटरच्या दशांशांनी मोजावी लागते, तर रंगाचा पापुद्रा नॅनोमीटरच्या दशकांनी. म्हणजे पहिली दुसऱ्याच्या काही हजार पट जाड असते. यावरून पुढील अनुभवाचा उलगडा होतो. रोज हाताळलेल्या बंदुकीवरील रंग प्रथम तळव्याच्या घर्षणाने जातो आणि खाली राखी, रुपेरी धातू उघडा पडतो. पण कानस अजूनही घसरते. रंग गेला, काठिण्य राहिले. उलटपक्षी, रसायनांनी वा ज्योतीने मऊ लोखंडावर तशाच छटा उठविता येतात. तेथे रंग आहे, पण काठिण्य मुळातच नाही. पूर्वीचे कारखानदार रंगावर पारदर्शक रोगणाचा हात देत असत तो याचसाठी. रोगण काठिण्याचे रक्षण करण्यासाठी नव्हते.

४. कारखान्यातील तीन रंग

तरीही रंग ही काठिण्याची खूण होय, हा समज निराधारपणे उत्पन्न झालेला नाही. लोहाराच्या आणि बंदूक बनविणाऱ्याच्या कामात रंगाला तीन ठिकाणी महत्त्व असते, आणि तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे.

पहिला रंग तापलेल्या धातूच्या प्रकाशाचा. काळसर लाल, गुंजेसारखा लाल, नारिंगी, पिवळा या क्रमाने तापमान वाढत जाते. दुसरा रंग पाणी दिलेले पोलाद पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करताना दिसणारा. चकचकीत केलेल्या पात्यावर सुमारे २३० अंशांस गवती पिवळा आणि सुमारे ३०० अंशांस निळा रंग चढतो. पहिल्यावर थांबले तर कापण्याच्या हत्यारास योग्य असे काठिण्य उरते, दुसऱ्यावर थांबले तर स्प्रिंगेस योग्य असा लवचिकपणा येतो. हे रंग कारागीर अक्षरांसारखे वाचतो, आणि ते वाचन बव्हंशी विश्वसनीय असते. तिसरा रंग पृष्ठकठिनीकरणातील. तो भौतिक दृष्ट्या दुसऱ्या रंगाचाच सख्खा भाऊ आहे, कारण दोन्ही ऑक्साइडाच्या पापुद्र्याचेच आहेत. पण त्याचा अर्थ निराळा, किंबहुना त्याला काठिण्याविषयी काही अर्थच नाही. पुन्हा तापविलेल्या पात्यावरील निळा रंग ‘काठिण्य उतरविले आहे’ असे सांगतो. चौकटीवरील निळा रंग केवळ ‘येथे पापुद्रा या जाडीवर थांबला’ एवढेच सांगतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही दोन समरूप चिन्हे आहेत. रूप एक, अर्थ भिन्न. एखाद्या हौशी माणसाने फिकट झालेले रंग परत आणण्यासाठी कठीण केलेला भाग ज्योतीवर धरला, तर हवी ती निळी छटा येते खरी, परंतु ती छटा येथे काठिण्य काही अंशी गमावल्याची साक्ष असते.

पहिल्या रंगाच्या वाचनावर किती भिस्त ठेवावी, याचे उदाहरण अमेरिकन सैन्याच्या इतिहासात आहे. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे रिसीव्हर, म्हणजे नळी आणि खटका जेथे जोडले जातात ते मुख्य अंग, कमी कार्बनाच्या पोलादाचे घडवून पृष्ठकठिनीकरणाने कठीण करीत. भट्टीतील धातूचे तापमान अनुभवी कारागीर नजरेने ठरवीत. १९१७ मध्ये काही रिसीव्हर बार उडताना फुटल्यावर चौकशी झाली. शस्त्रास्त्र खात्यातील अधिकारी ज्युलियन हॅचर याने १९४७ च्या आपल्या ग्रंथात नमूद केल्याप्रमाणे, जुन्या कारागिरांच्या नजरेला ‘योग्य’ वाटणारे तापमान लख्ख उन्हाच्या दिवशी ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १६५ अंश सेल्सियसपर्यंत, जास्त भरत असे. उन्हाच्या उजेडात तप्त धातूचा रंग फिका भासतो, म्हणून कारागीर तो अधिक तापवीत. प्रमाणाबाहेर तापलेले पोलाद ठिसूळ झाले. १९१८ मध्ये तापमापक यंत्रे आणि दोन टप्प्यांची उष्णोपचार-पद्धती आली. जुन्या रिसीव्हरांतील सदोष कोणता आणि निर्दोष कोणता, हे पृष्ठभाग पाहून सांगता येत नसल्यामुळे स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या बाबतीत सुमारे ८,००,००० हा अनुक्रमांक जुन्या व नव्या पद्धतींमधील सीमा मानला गेला. रंगाने जे सांगावे अशी अपेक्षा होती, ते अखेर धातूवर ठोकलेल्या आकड्यावरून ठरवावे लागले.

५. नावांचा विचार

एकाच क्रियेला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे पाहिली, तर प्रत्येक भाषेने क्रियेच्या निराळ्या अंगावर बोट ठेवलेले दिसते. इंग्रजीतील ‘केस’ हा शब्द लॅटिनमधील ‘काप्सा’, म्हणजे पेटी, यापासून आला आहे. (व्याकरणात विभक्तीसाठी योजिला जाणारा ‘केस’ हा शब्द ‘कासुस’, म्हणजे पतन, या दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून आलेला असून त्याचा याच्याशी संबंध नाही.) पेटी या मूळ अर्थामुळे ‘पेटीत घालून केलेले कठिनीकरण’ असा अर्थ कित्येक जण करतात, परंतु या समासात ‘केस’ म्हणजे वरचे कवच. इंग्रजी नाव फलाकडे पाहते. जर्मनमधील ‘आइनझात्सहेर्टन’ हे नाव आत ठेवण्याच्या कृतीकडे पाहते. फ्रेंचमधील ‘सेमांतासिओं’ भोवती दाबलेल्या चूर्णाकडे, तर ‘त्राँप आँ पाके’ हे जुने नाव गाठोडे बांधून पाण्यात बुडविण्याकडे पाहते.

रंगासाठी मात्र युरोपातील भाषांनी स्वतंत्र शब्द घडविले. फ्रेंच कारागीर अशा चौकटीला ‘जास्पे’, म्हणजे जास्पर या विविधरंगी दगडासारखी, असे म्हणतात. इटालियन ‘तार्तारुगातो’ म्हणजे कासवाच्या पाठीसारखे. जर्मन ‘बुंटगेहेर्टेट’ म्हणजे रंगीबेरंगी कठीण केलेले. पहिल्या दोन नावांत काठिण्याचा उल्लेखच नाही. ती केवळ रूपाचे वर्णन करतात, आणि म्हणूनच ती दिशाभूल करीत नाहीत. इंग्रजी आणि जर्मन नावांनी रंग व काठिण्य एका समासात बांधले, आणि समासातील सान्निध्य हळूहळू कार्यकारणभावासारखे भासू लागले.

मराठीची स्थितीही येथे विचारात घेण्यासारखी आहे. तप्त शस्त्र द्रवात बुडविण्याला संस्कृतात ‘शस्त्रपान’ म्हणत. शस्त्र जणू ते पेय पिते. मराठीतील ‘पाणी देणे’ व ‘पाणी पाजणे’ या प्रयोगांतही हीच कल्पना आहे. परंतु मराठीत ‘पाणी’ हा शब्द एवढ्यावर थांबत नाही. तलवारीचे पाणी म्हणजे तिचे काठिण्य आणि धार टिकविण्याची शक्ती. मोत्याचे पाणी म्हणजे त्याचे तेज. आणि पाणीदार माणूस म्हणजे तेजस्वी, बाणेदार माणूस. फारसीतील ‘आब’ या शब्दाचेही पाणी, झळाळी आणि शस्त्राचे काठिण्य असे अर्थ असून, मराठीत तो प्रतिष्ठा या अर्थाने रुळला आहे. म्हणजे झळाळी आणि काठिण्य यांची जी गल्लत इंग्रजी समासाने केली, तीच मराठीने एका शब्दाच्या अर्थविस्तारात केलेली आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच अनुभव आहे. दोन्ही गुण वस्तूला एकाच क्षणी, पाण्यात पडताना, प्राप्त होतात. आणि जे एकाच क्षणी घडते ते एकच होय, असे मानण्याकडे मनाचा कल असतो.

६. समारोप

या विवेचनातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला वस्तुसंग्रहालयातील वर्णनासंबंधी. जुन्या बंदुकीची नोंद करताना ‘पृष्ठकठिनीकरण’ आणि ‘रंग’ ही दोन स्वतंत्र विधाने म्हणून लिहावयास हवीत. रंग नाही म्हणून भाग कठीण केलेला नव्हता असे अनुमान काढता येत नाही, आणि रंग आहे म्हणून तो कठीण आहे असेही म्हणता येत नाही. मूळ रंगाचा उरलेला अंश, मग तो घोड्याच्या मागे वा पट्टीच्या कोपऱ्यात नखाएवढा का असेना, कारखान्याच्या पद्धतीचा अखेरचा पुरावा असतो. चकचकीत करण्यासाठी त्यावर पॉलिश चालविले, की तो कायमचा नष्ट होतो. सर्व भाग पुन्हा भट्टीत घालून नवा रंग चढविला तर पुरावा जातोच, शिवाय जुने लोखंड वाकण्याचा वा तडकण्याचा धोकाही ओढवतो.

दुसरा निष्कर्ष परिभाषेसंबंधी आहे. इंग्रजी समासाचे शब्दशः भाषांतर करून ‘रंगीत पृष्ठकठिनीकरण’ असे म्हटले, तर मूळ समासातील गल्लतही मराठीत येते. प्रस्तुत लेखाच्या मथळ्यात हे नाव ओळखीपुरते योजिले आहे. शास्त्रीय लेखनात मात्र क्रियेसाठी ‘पृष्ठकठिनीकरण’ हा रूढ शब्द ठेवून, रूपासाठी इटालियन कारागिरांप्रमाणे ‘कासवी झाक’ असा निराळा शब्द योजणे अधिक सयुक्तिक ठरेल. दोन गोष्टींना दोन नावे मिळाली, तर एकीवरून दुसरीचे अनुमान करण्याचा मोह तरी कमी होईल.